मुंबईत एखाद्यावरचे गुन्हे आणि खटले कसे शोधायचे

घर भाड्याने द्यायचं आहे, गाडीवर चालक ठेवायचा आहे, सोसायटीच्या कमिटीत नवीन माणूस येतोय, मुलीच्या लग्नाची बोलणी चालली आहेत. अशा वेळी कुणीतरी विचारतंच, "याच्यावर काही केस-बिस नाही ना? कुठे बघायचं?" नाव टाकलं की गुन्ह्यांची यादी समोर, अशी सोय सामान्य माणसासाठी मुंबईतच काय, देशात कुठेही नाही. पोलिसांची सीसीटीएनएस ही संगणकप्रणाली तशी आहे, पण ती पोलिसांसाठीच. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद 20 सप्टेंबर 2018 पासून सुरू आहे, तीही फक्त तपास यंत्रणांनाच दिसते.

लोकांसाठी जे उघडं आहे ते तुकड्यातुकड्यांत आहे. प्रथम खबर अहवाल म्हणजे एफआयआर पोलिसांच्या पोर्टलवर, खटले ई-कोर्ट्सवर, हायकोर्टातले अर्ज हायकोर्टाच्या साइटवर, निवडणुकीतल्या उमेदवारांची शपथपत्रं आयोगाकडे. हे सगळं केसवार लावलेलं असतं, माणसावार नाही. जुळवाजुळव तुम्हालाच करायची आहे, आणि चुका होतात त्या तिथेच.

हाताशी काय हवं

- पूर्ण नाव: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. वडिलांचं नाव नसेल तर शोध जवळजवळ वाया जातो.
- आधार, पॅन, लायसन्स यांवरचं इंग्रजी स्पेलिंग. तिन्हींवर वेगळं असेल तर तिन्ही लिहून ठेवा.
- बाईचं नाव असेल तर माहेरचं आणि सासरचं, दोन्ही.
- उर्फ नाव, असल्यास. पोलीस कागदांत ते हमखास येतं.
- वय आणि गेल्या दहा वर्षांतले राहण्याचे व कामाचे पत्ते, निदान उपनगराच्या नावापुरते.
- एक वही किंवा एक्सेल शीट. कोणत्या कोर्टात, कोणत्या वर्षात, कोणत्या स्पेलिंगने शोधलं, हे लिहिलं नाही तर दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यापासून.

ही माहिती त्या माणसाकडून मागून घ्या, आणि कशासाठी ते सांगूनच घ्या. नोकरीच्या किंवा भाड्याच्या अर्जातच "माझ्यावर कोणताही फौजदारी खटला प्रलंबित आहे / नाही" अशी ओळ ठेवून सही घेतली तर अर्धं काम तिथेच होतं. खोटं लिहिलेलं नंतर उघड झालं तर बोलायला तुमच्या हातात कागद राहतो.

1. हद्द ओळखा

मुंबई पोलिसांची हद्द दहिसर चेकनाक्याला आणि मुलुंड चेकनाक्याला संपते. दहिसरच्या पुढे काशिमीरा, भाईंदर, वसई, विरार हे मीरा-भाईंदर वसई-विरार आयुक्तालयात येतं (1 ऑक्टोबर 2020 पासून, त्याआधीचे गुन्हे ठाणे ग्रामीण किंवा पालघर पोलिसांकडे). मुलुंडच्या पुढे ठाणे शहर, मानखुर्दहून खाडी ओलांडली की नवी मुंबई. मुलुंडला राहून वागळे इस्टेटमध्ये काम करणाऱ्याचं भांडण कामाच्या जागी झालं असेल तर मुंबईच्या नोंदीत काहीच दिसणार नाही.

लोकलमधला आणि स्टेशनातला गुन्हा तिसऱ्याच ठिकाणी जातो. लोहमार्ग पोलिसांचं मुंबईत स्वतंत्र आयुक्तालय आहे. दादर स्टेशनच्या फलाटावर मोबाइल मारला तर गुन्हा दादर लोहमार्ग पोलीस ठाण्यात. तोच स्टेशनबाहेर फुलबाजारात मारला तर शहर पोलिसांकडे.

गुन्हा दाखल होतो तो घडला त्या हद्दीत, माणूस राहतो तिथे नव्हे. म्हणून वर पत्त्यांची यादी सांगितली. राहतो कांदिवलीत, काम साकीनाक्याला, सासुरवाडी कल्याणला, तर ही तिन्ही ठिकाणं तपासायची.

2. पोलिसांच्या पोर्टलवर एफआयआर बघा

सुप्रीम कोर्टाने 7 सप्टेंबर 2016 रोजी यूथ बार असोसिएशनच्या याचिकेत आदेश दिला, की एफआयआर नोंदल्यापासून 24 तासांत पोलिसांच्या वेबसाइटवर टाकावा. लैंगिक गुन्हे, पॉक्सो, दहशतवाद आणि त्या प्रकारचे संवेदनशील गुन्हे यातून वगळलेले आहेत. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर "प्रकाशित प्रथम खबर अहवाल" असा भाग आहे, तिथे हे अहवाल मिळतात.

जिल्ह्याच्या यादीत बृहन्मुंबई शहर निवडा, मग पोलीस ठाणं, मग तारखा. लोहमार्ग पोलीस याच यादीत वेगळे आहेत. तारखांचा पल्ला छोटा ठेवा, महिना-दोन महिन्यांचा. मोठा दिला की पान लटकतं.

इथे आरोपीच्या नावाने शोधता येत नाही. त्यामुळे कोरी पाटी घेऊन शोधायला हे पोर्टल उपयोगाचं नाही. कानावर काहीतरी आलेलं असेल, ठाणं आणि अंदाजे महिना माहीत असेल, तर मात्र दहा मिनिटांत खरं-खोटं कळतं.

अहवाल उघडला की थेट तीन ठिकाणी बघा. दुसऱ्या रकान्यात कायदा आणि कलमं. सातव्यात माहीत असलेल्या, संशयित किंवा अनोळखी आरोपीचा तपशील. बाराव्यात प्रथम खबरीची हकिगत, म्हणजे फिर्यादीने सांगितलेली गोष्ट त्याच्याच शब्दांत. सातव्या रकान्यात बऱ्याचदा "अनोळखी इसम" एवढंच असतं. नाव नंतर तपासात येतं आणि ते एफआयआरमध्ये कधीच उमटत नाही. उलटही होतं: फिर्यादीने रागाच्या भरात घरातल्या सातही जणांची नावं घातलेली असतात आणि पुढे चार्जशीट दोघांवरच जातं.

वरच्या कोपऱ्यातला गुन्हा रजिस्टर क्रमांक (गु.र.क्र.) आणि वर्ष टिपून घ्या. हा क्रमांक पुढच्या पायरीची किल्ली आहे. जुन्या गुन्ह्यांत क्रमांकाआधी रोमन आकडा असतो, तो रजिस्टरचा भाग दाखवतो. शोधताना तो सोडून फक्त क्रमांक टाका.

कलमं वाचताना तारीख बघा. 1 जुलै 2024 पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि आकडे बदलले. फसवणुकीचं 420 आता 318(4) झालं, चोरीचं 379 आता 303(2), साधी मारहाण 323 वरून 115(2), विनयभंग 354 वरून 74, आणि सासरच्या छळाचं 498-अ आता 85. नव्या संहितेत 302 हे कलम धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने बोलण्याबद्दल आहे. नुसतं "302" वाचून खून समजाल तर मोठा घोटाळा होईल. घटना जुलै 2024 च्या आधीची असेल तर गुन्हा नंतर नोंदला तरी जुनीच कलमं लागतात.

पोर्टलवर न दिसणारंही बरंच असतं. अदखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्याला सगळे "एनसी" म्हणतात, तो इथे येत नाही. चॅप्टर केसही नाही. चॅप्टर केस म्हणजे शांतता राखण्याचं बंधपत्र घेण्यासाठीची प्रतिबंधक कारवाई, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 107 आणि 110, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 126 आणि 129. मुंबईत ती सहायक पोलीस आयुक्त कार्यकारी दंडाधिकारी म्हणून चालवतात, त्यामुळे कोर्टाच्या साइटवरही सापडत नाही. तडीपारीचे आदेश पोलीस उपायुक्तांचे, तेही तिथे नाहीत. ईडी, एनसीबी, कस्टम्स यांच्या कारवायांची नोंद राज्य पोलिसांकडे नसते.

3. ई-कोर्ट्सवर नावाने शोधा

खरं काम इथे आहे, निम्म्याहून जास्त वेळ इथेच जाणार. ई-कोर्ट्स सर्व्हिसेसची साइट आहे आणि त्याच नावाचं मोबाइल अ‍ॅपही. दोन्ही फुकट, नोंदणी लागत नाही. शोध मोठा असेल तर कॉम्प्युटरवर बसा.

केस स्टेटसमध्ये जाऊन महाराष्ट्र निवडा. पुढे "मुंबई" असा एकच जिल्हा मिळत नाही. तुमच्या कामाचे दोन: एक सीएमएम कोर्ट्स, म्हणजे शहरातली सगळी दंडाधिकारी न्यायालयं, आणि दुसरा सिटी सिव्हिल कोर्ट. दुसऱ्याच्या नावात "सिव्हिल" बघून लोक पुढे जातात, आणि खून, दरोडा, अमली पदार्थांचे मोठे खटले त्यांच्या हातून सुटतात. मुंबईत नगर दिवाणी आणि सत्र न्यायालय एकच आहे, म्हणून सत्र खटले त्याच नावाखाली बसलेत. फोर्टची मुख्य इमारत बघून झाली की दिंडोशीही बघायला विसरू नका. पश्चिम उपनगरांतले सत्र खटले तिकडे चालतात.

दंडाधिकारी न्यायालयांत संकुलं बरीच आहेत: किल्ला, बॅलार्ड पिअर, गिरगाव, माझगाव, दादर, वांद्रे, अंधेरी, बोरिवली, कुर्ला, विक्रोळी, मुलुंड. लोक आझाद मैदानासमोरच्या एस्प्लनेड कोर्टाला किल्ला कोर्ट म्हणतात, साइटवर दोन्हीतलं कोणतंही नाव दिसू शकतं. न्यायालयांचे क्रमांक शहरभर सलग आहेत. 37 वं आणि 47 वं किल्ल्यात, 66 वं अंधेरीत. कुणी "छत्तीस नंबर कोर्टात केस आहे" म्हणालं तर ते कुठल्या इमारतीत आहे हे आधी काढा.

आता पार्टी नेमचा टॅब. किमान तीन अक्षरं लागतात, वर्ष टाकावंच लागतं, आणि प्रलंबित, निकाली, दोन्ही असे तीन पर्याय असतात. "दोन्ही" निवडा. आधीपासून निवडलेला पर्याय बदलायला विसरलात तर निकाली निघालेल्या केसेस दिसणार नाहीत, आणि यादी रिकामी बघून माणूस निश्चिंत होतो.

वर्ष म्हणजे कोर्टात केस नोंदली गेली ते वर्ष. घटना 2017 ची, चार्जशीट 2021 मध्ये गेलं, तर केस 2021 खाली सापडते. म्हणून घटनेच्या वर्षापासून निदान पुढची चार-पाच वर्षं चाळा.

स्पेलिंगचा त्रास सगळ्यात मोठा. कोर्टाची नोंद इंग्रजीत, पोलिसांचे कागद मराठीत, मध्ये टाइप करणारा कारकून. वाघमारे "व्ही"ने की "डब्ल्यू"ने? जाधवच्या शेवटी "व्ही" की "ओ"? लक्ष्मणमध्ये "एक्स" आहे की "के-एस-एच-एम"? शेख तर चार-पाच तऱ्हांनी लिहिला जातो. यावर उपाय म्हणजे पूर्ण नाव न टाकता नावाचा न बदलणारा तुकडा टाकणं. वाघमारेसाठी पहिलं अक्षर सोडून मधला भाग टाका. आधी आडनावाने शोधा, मग नावाने, मग वडिलांच्या नावाने. कारण काही ठिकाणी आडनाव आधी लिहिलेलं असतं, काही ठिकाणी आडनाव गायबच. पाटील, शिंदे, शेख, यादव अशी आडनावं टाकली तर यादी इतकी लांब येते की उपयोग नाही, तिथे नाव आणि वडिलांचं नाव जोडून शोधा.

हिशेब करा: अकरा संकुलं, दहा वर्षं, तीन स्पेलिंगं म्हणजे 330 शोध, आणि प्रत्येक वेळी कॅप्चा. एवढं कुणी करत नाही, करूही नका. राहण्याच्या आणि कामाच्या जागेला लागू असलेली दोन-तीन संकुलं, आणि सत्र न्यायालय, हे नीट करा. बाकीचं वरवर.

गु.र.क्र. हाताशी असेल तर पार्टी नेमच्या नादी लागूच नका. एफआयआर नंबरच्या टॅबमध्ये पोलीस ठाणं, क्रमांक, वर्ष टाका. स्पेलिंगचा प्रश्नच मिटतो.

4. केसचं पान वाचायला शिका

पान उघडलं की सोळा अक्षरी सीएनआर नंबर टिपा. महाराष्ट्रातला असेल तर "एम-एच"ने सुरू होतो. पुढच्या वेळी तो एकच टाकला की बाकी काही भरावं लागत नाही.

फिर्यादी पक्षात महाराष्ट्र शासन आणि पोलीस ठाण्याचं नाव असेल तर पोलीस केस. खाजगी माणूस किंवा बँक असेल तर खाजगी तक्रार, आणि ती बहुतेक वेळा चेक बाउन्सची, कलम 138 ची. फौजदारीच्या यादीत ही प्रकरणं ढिगाने सापडतात. मुंबईच्या दंडाधिकारी कोर्टांत केस नंबरच्या मध्ये "एस.एस." दिसलं तर बहुधा चेकचं, "पी.डब्ल्यू." असेल तर पोलिसांचं. धंद्यातला एक चेक परत गेला म्हणून कुणाला गुन्हेगार ठरवू नका. मात्र एकाच माणसावर वेगवेगळ्या लोकांच्या आठ-दहा चेक केसेस असतील तर भाडं वेळेवर येणार नाही एवढं नक्की समजा.

नावाचा माणूस अर्जदाराच्या जागी आणि शासन समोरच्या बाजूला, असं दिसलं तर तो जामीन किंवा अटकपूर्व जामिनाचा अर्ज असतो. इथे नवखे हमखास फसतात. जामीन अर्जासमोर "डिस्पोज्ड" लिहिलेलं असतं, म्हणून केस संपली असं वाटतं. संपलेला असतो तो फक्त अर्ज. मूळ खटला वेगळ्या नंबराने अजून चालूच असतो. त्या अर्जाच्या पानावरून गु.र.क्र. उचला आणि मूळ केस शोधा. रिमांड अर्जाचंही असंच.

निकाली केसमध्ये निकालाचा प्रकार वाचा. "अक्विटेड" म्हणजे खटला चालून निर्दोष सुटका. "डिस्चार्ज्ड" म्हणजे आरोप ठेवण्याइतकाच पुरावा नाही म्हणून आधीच दोषमुक्त. "कंपाउंडेड" म्हणजे तडजोड. "अबेटेड" म्हणजे आरोपी मरण पावला. "प्लीडेड गिल्टी" बघून दचकू नका, वरचं कलम बघा; वाहतुकीच्या आणि पोलीस कायद्याच्या किरकोळ केसेसमध्ये गुन्हा कबूल करून दंड भरून मोकळं होण्याचा रिवाजच आहे.

आणि मग समरी. हा आपल्याकडचा खास प्रकार, महाराष्ट्राबाहेरून आलेल्यांना कळतच नाही. तपास करून पोलिसांना चार्जशीट पाठवायचं नसेल तर ते कोर्टात समरी अहवाल पाठवतात:

- ए समरी: गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरावा सापडला नाही.
- बी समरी: फिर्यादच खोटी, मुद्दाम केलेली.
- सी समरी: खरीही नाही, खोटीही नाही, गैरसमज झाला किंवा प्रकरण दिवाणी स्वरूपाचं आहे.

एफआयआर पोर्टलवर नाव आहे आणि कोर्टात खटला सापडत नाही, तर बहुधा या तिन्हींतलं एक: तपास चालू आहे, समरी झाली, किंवा तुम्ही चुकीच्या संकुलात शोधताय. बी समरी झालेल्या माणसाला नोकरी नाकारणं म्हणजे खोटी फिर्याद करणाऱ्याला मदत करण्यासारखं आहे.

चार्जशीट मात्र साइटवर मिळणार नाही. ते सर्वांसाठी उघडं करावं ही मागणी सुप्रीम कोर्टाने 20 जानेवारी 2023 रोजी फेटाळली आहे. कुणी चार्जशीटची पीडीएफ विकत देतो म्हणाला तर त्याच्या नादी लागू नका.

5. हायकोर्टात एकदा डोकवा

मुंबई हायकोर्टाच्या साइटवरही पक्षकाराच्या नावाने शोध आहे. मुंबई खंडपीठ आणि फौजदारी बाजू निवडा. कारण एकच: गुन्हा हायकोर्टाने रद्द केलेला असतो आणि खालच्या कोर्टाच्या पानावर केस महिनोन्‌महिने प्रलंबितच दिसत राहते. शिक्षेविरुद्धचं अपीलही इथेच सापडतं. खाली शिक्षा, वर सुटका असेल तर तो माणूस निर्दोष.

6. माणूस तोच आहे का?

ई-कोर्ट्सच्या पानावर जन्मतारीख नसते, फोटो नसतो, बऱ्याचदा वयही नसतं. संजय रामचंद्र पवार मुंबईत किती असतील याचा अंदाज करा.

जुळणी अशी करा. वडिलांचं नाव जुळतं का? पोलीस ठाण्याची हद्द त्याच्या त्या वर्षीच्या पत्त्याशी किंवा कामाशी जुळते का? पानाखाली आदेशांच्या आणि निकालाच्या पीडीएफ असतात, त्यात निकालाच्या पहिल्या पानावर आरोपीचं वय, धंदा आणि राहण्याचा पत्ता येतो. 2016 च्या निकालात वय 45 आणि तुमचा माणूस आज 32 चा, तर विषय संपला. वडिलांचं नाव, वय आणि पत्ता, या तिन्हींतलं एकच जुळत असेल तर ती नोंद सोडून द्या. दोन जुळली तर पुढची पायरी. तिन्ही जुळली तरी सहीशिक्क्याचा कागद हातात येईपर्यंत कुणाशी बोलू नका.

7. नक्कल काढा

साइटवरच्या प्रतीवर ती प्रमाणित प्रत नसल्याची सूचना असते. प्रकरण गंभीर असेल, म्हणजे नोकरीवरून काढायचं आहे किंवा व्यवहार मोडायचा आहे, तर प्रमाणित नक्कल लागते.

- केस नंबर, वर्ष, न्यायालयाचा क्रमांक, निकालाची तारीख
- नक्कल अर्ज, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प
- तुमचं ओळखपत्र
- केसशी तुमचा संबंध नसेल तर नक्कल कशासाठी हवी, याचं कारण आणि शपथपत्र

शेवटच्या मुद्द्यावर अर्ज अडकतात. त्रयस्थाला नक्कल देणं न देणं न्यायालयाच्या परवानगीवर असतं. "माहितीसाठी" असं मोघम कारण लिहू नका. "अर्जदाराच्या मालकीची सदनिका आरोपीस भाड्याने देण्याचा करार प्रस्तावित आहे" असं नेमकं लिहा. हे काम त्या कोर्टात नेहमी उभ्या राहणाऱ्या वकिलाकडून करून घेणं स्वस्त पडतं, कारण जुनी फाइल रेकॉर्ड रूममध्ये गेलेली असेल तर नुसत्या चकरा होतात. जायचंच असेल तर सकाळी कामकाज सुरू व्हायच्या आधी नक्कल विभागाच्या खिडकीवर पोहोचा, नंतर कर्मचारी न्यायदालनात अडकतात.

8. सरळ मार्ग: त्यालाच प्रमाणपत्र आणायला सांगा

वरचं सगळं वाचून कंटाळा आला असेल तर इथून सुरुवात केलीत तरी चालेल. चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र, ज्याला पीसीसी म्हणतात, हा एकच कागद पोलीस स्वतःच्या नोंदी तपासून देतात. अर्ज ज्याचा त्यानेच करायचा. दुसऱ्याचं प्रमाणपत्र तुम्ही मागू शकत नाही.

नोकरीसाठीचा अर्ज पोलिसांच्या ऑनलाइन सेवेतून होतो. फोटो, सही, ओळखीचा आणि राहण्याचा पुरावा, जन्मतारखेचा पुरावा आणि कंपनीचं पत्र तयार ठेवायला सांगा. मग स्थानिक ठाण्यातून बोलावणं येतं. परदेशी जाणाऱ्यांचं प्रमाणपत्र वेगळं, ते पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं आणि फी 500 रुपये. एकाच्या जागी दुसरं चालत नाही, अर्ज करण्याआधी मागणाऱ्याला विचारून घ्या.

भाडेकरूची माहिती पोलिसांच्या साइटवर भरली म्हणजे पडताळणी झाली, असं घरमालक धरून चालतात. ती तुम्ही पोलिसांना दिलेली माहिती आहे. त्याची जी पोच मिळते तिचा अर्थ "भाडेकरू स्वच्छ आहे" असा होत नाही.

माहिती अधिकारात अर्ज टाकून दुसऱ्याचे गुन्हे विचारणंही बहुतेक वेळा वाया जातं. दहा रुपयांचा स्टॅम्प लावून तीस दिवस थांबायचं आणि कलम 8(1) खाली नकार घ्यायचा: वैयक्तिक माहिती म्हणून किंवा तपासाला बाधा म्हणून. आणि ओळखीच्या हवालदाराला "जरा सिस्टीममध्ये नाव टाकून बघ" असं सांगू नका. ते त्याच्या नोकरीवर बेततं, आणि मिळालेली माहिती तुम्हाला कुठेही दाखवता येत नाही.

9. उमेदवार आणि बिल्डर

या दोघांचं काम सोपं. लोकसभा-विधानसभेच्या उमेदवाराला नमुना 26 मधल्या शपथपत्रात प्रलंबित खटले आणि शिक्षा लिहाव्याच लागतात. भारत निवडणूक आयोगाच्या शपथपत्र पोर्टलवर पूर्ण प्रत मिळते. खटले असलेल्या उमेदवाराने ते वर्तमानपत्रांत तीनदा जाहीर करायचे असतात. महापालिकेच्या उमेदवाराचं शपथपत्र मात्र तिथे शोधू नका, पालिकेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. शपथपत्रातला गु.र.क्र. उचलून तिसऱ्या पायरीने तपासला की आजची स्थिती कळते.

बिल्डरसाठी महारेराच्या, म्हणजे राज्याच्या बांधकाम प्रकल्पांवरच्या नियामक प्राधिकरणाच्या, साइटवर प्रकल्पाचं पान उघडा, त्यात प्रकल्पाशी संबंधित दावे जाहीर केलेले असतात. संचालकांची नावं तिथेच मिळतात, ती घेऊन ई-कोर्ट्सवर या.

10. काही सापडलं तर

लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेचं नाव उघड करणं हा न्याय संहितेच्या कलम 72 खाली स्वतंत्र गुन्हा आहे. अल्पवयीन आरोपीची ओळख सांगायलाही बाल न्याय कायद्याच्या कलम 74 ने मनाई आहे. एफआयआरचा स्क्रीनशॉट सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि माणूस दुसराच निघाला, तर न्याय संहितेच्या कलम 356 खाली अब्रुनुकसानीच्या खटल्यात आरोपीच्या जागी तुमचंच नाव लागेल.

त्या माणसाला समोर बसवून विचारा: "2019 ची अंधेरी कोर्टातली एक केस तुमच्या नावाने दिसतेय, ती तुमची आहे का? कागद आहेत?" केस दुसऱ्याची असेल तर तो आधारकार्ड काढून वडिलांचं नाव दाखवतो. स्वतःची असेल आणि सुटला असेल तर निकालाची प्रमाणित नक्कल घरात कपाटात ठेवलेलीच असते, कारण पासपोर्टच्या वेळी ती एकदा लागलेली असते. आठ दिवसांची मुदत द्या. नक्कल आणली की तिच्यावरचा केस नंबर तुमच्या वहीतल्या सीएनआरच्या पानाशी ताडून बघा, आणि निकालाची तारीख दोन्हीकडे एकच आहे ना, तेही.